विरजणाचा बर्फ

नॉर्वे-स्वीडन उघडेबोडके ते उघडेबोडकेच राहिले.

ऋजुता दामले खुर्चीत मागे रेलली आणि चष्मा काढून तिने डोळे चोळले. समोरच्या पडद्यावर गेलं हिमयुग पहिल्यापासून शेवटपर्यंत घडून गेलं होतं. कॅनडावर बर्फ साचला, पसरला, डोंगराएवढा उंच झाला. तिथे सगळं यथासांग. पण अटलांटिकच्या पलीकडे हजारो वर्षं हिवाळ्यात बर्फ पडत होता आणि उन्हाळ्यात निमूटपणे वितळून जात होता. प्रत्यक्षात तिथे एवढा बर्फ साचला होता, की त्याच्या भाराने दबलेली जमीन अजूनही हळूहळू वर येते आहे. हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. फक्त ऋजुताच्या संगणकातल्या मॉडेलला ठाऊक नव्हतं.

तिला राग आला नाही, नवलही वाटलं नाही. नुसता शीण आला. पन्नाशी उलटली की चूक सापडल्याचा आनंद वगैरे होत नाही. आता हे निस्तरायचं कुणी, एवढंच मनात येतं.

हिमयुगाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं, कडाक्याची थंडी पडली की हिमयुग येतं. खरं तर ते उन्हाळा नेभळट झाला की येतं. पृथ्वीचा आस आणि तिची सूर्याभोवतीची वाट हजारो वर्षांच्या फेऱ्यांत थोडी थोडी बदलते, आणि कधीकधी उत्तरेकडच्या उन्हाळ्याच्या वाट्याला ऊन कमी येतं. मग हिवाळ्यातला थोडा बर्फ वितळायचा राहून जातो. पांढऱ्या बर्फावरून ऊन परत फिरतं, जागा आणखी गार होते, पुढच्या वर्षी आणखी बर्फ उरतो. थरावर थर चढून त्याची उंची वाढली, की त्याचा माथा आपोआप थंड हवेत जाऊन पोचतो. एकदा तो उंबरठा ओलांडला, की बर्फाला कुणाची गरज राहत नाही. तो आपला आपण पोसला जातो.

पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या पुरा-हवामान, म्हणजे प्राचीन हवामानाच्या, केंद्रात हे सगळं गणितात बसवलेलं मॉडेल तीस वर्षं चालू होतं. मात्र मोकळ्या जमिनीपासून हिमयुग वाढवायचं तर जुन्या संगणकांना सहा-सहा महिने लागत. एवढा धीर कुणाला? म्हणून नव्या माणसाने जुन्या माणसाचं तयार, मुरलेलं हिमयुग घ्यायचं आणि तिथून पुढे आपलं चालवायचं, अशी रीत पडली होती. केंद्रात त्याला 'विरजण' म्हणत. विरजण न्यायला दिल्लीचे येत, बंगळुरूचे येत. एकदा तर खुद्द नॉर्वेचे येऊन घेऊन गेले. आता शेजारणीकडून विरजण आणताना, तुमचं पहिलं दही कुठून आलं हो, असं कुणी विचारतं का? इथेही कुणी विचारलं नव्हतं.

यंदा केंद्रात नवं यंत्र आलं. तेच हिमयुग ते आठवड्याभरात उरकत होतं. दिवाळीच्या आधी फडताळ आवरायला काढावं तसं ऋजुताने सहज, विरजण न घालता, एकदा अगदी मोकळ्या जमिनीपासून मॉडेल चालवलं. आणि दही लागलंच नाही.

बाब एवढ्यावर थांबती तर एक शोधनिबंध लिहून भागलं असतं. पण त्या गणिताच्या जोरावर लडाखमध्ये खराखुरा बर्फ उभा होता. आणि त्या बर्फाशेजारी तिचा नवरा उभा होता.

त्या प्रकल्पाचं नाव हिमरोपण. शुलमा गावाच्या माथ्यावरची हिमनदी आटून गेल्यावर, त्याच गावाच्या वरच्या पठारावर नवा बर्फ लावायचा, असा तो बेत होता. किती मोठा आणि किती जाड थर लावला म्हणजे तो उंबरठा ओलांडेल आणि पुढे स्वतःच वाढेल, हा आकडा ऋजुताच्या मॉडेलने दिला होता. पठार म्हणजे गावाचं उन्हाळी कुरण. गावाने ते देऊन टाकलं, आणि चरायला जागाच उरली नाही म्हणून बहुतेक मेंढ्या आणि याकही विकले. कौस्तुभ दामले या स्थापत्य अभियंत्याने चार शरद ऋतू तिथे ओढ्याचं पाणी फवारून थरावर थर गोठवले. मग ठरल्याप्रमाणे पंप बंद झाले. त्यानंतर दोन उन्हाळे गेले आणि बर्फ जागचा हलला नाही. देशोदेशीचे लोक येऊन त्याचे फोटो काढून गेले. आता आणखी तीन गावांची कुरणं घ्यायची होती. त्याचा निर्णय याच महिन्याअखेर लेहच्या बैठकीत व्हायचा होता, आणि त्याला दोघांचा होकार हवा होता: मॉडेलच्या वतीने ऋजुताचा आणि बर्फाच्या वतीने कौस्तुभचा.

ती उठली, पर्स घेतली आणि रिक्षाने थेट कोथरूडला वैशंपायन सरांकडे गेली.

सर पंच्याऐंशीचे होते. मॉडेल त्यांनीच उभं केलेलं. ते खिडकीशी बसून मोसंबं सोलत होते. काकूंनी ऋजुताच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "चेहरा का गं असा ओढलेला? कौस्तुभ बरा आहे ना?"

"बरा आहे, काकू. सर, नॉर्वेत बर्फ वाढत नाही."

"कसा वाढेल?" सर मान वर न करता म्हणाले. "शेजारून कोमट समुद्र वाहतो. तिथे नाहीच वाढत तो."

"पण आपल्या मॉडेलमध्ये तर कायम वाढलेला असतो!"

"तो मी पेरला होता."

 सरांनी एक फोड तिच्यापुढे केली.

"अगं, परिषद तोंडावर आली होती. कॅनडा झकास आणि युरोप ठणठणीत कोरडा. लोक हसले असते. म्हणून डोंगरावर एक ठिगळ ठेवलं, आणि गणिताला सांगितलं, याची जाडी अमुकच्या खाली उतरू द्यायची नाही. उन्हाळ्यात वितळेल तेवढा गुपचूप भरून काढायचा. परिषदेनंतर काढणार होतो."

"मग?"

"मग तो इतका छान वाढला, की काढवेना." सर थोडे हसले. "आणि खऱ्या हिमयुगाच्या खुणांशी जुळतही होता. जुळणाऱ्या गोष्टीला कोण हात लावतं?"

"सर, बर्फाचा उंबरठा आपण त्या ठिगळावरूनच ठरवला. केवढं ठिगळ उन्हाळ्यात टिकतं, ते पाहून." तिचा आवाज चढला. एरवी सरांपुढे तो कधी चढत नसे. "जे ठिगळ वितळायला बंदीच होती, ते वितळत नाही, एवढंच आपण तीस वर्षं सिद्ध केलं!"

सरांचा हात थांबला. लडाखचं त्यांना माहीत होतं. वर्तमानपत्रातलं कात्रण त्यांनी कौतुकाने जपून ठेवलं होतं.

"मी वीस हजार वर्षांपूर्वीच्या बर्फाशी खेळत होतो, ऋजुता," ते म्हणाले. "त्यात कुणाचं काय बिघडणार होतं?"

ते खरंच होतं, आणि त्यांच्यावर ओरडावं तर ते फार म्हातारे झाले होते. काकूंनी केलेलं थालीपीठ तिने मुकाट्याने खाल्लं. खरं तर तिला भूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने पेरलेलं ठिगळ काढून शुलमाच्या पठाराचं गणित नव्याने मांडलं. उत्तर स्वच्छ आलं. एवढा बर्फ तिथे टिकणार नाही. उंबरठा बराच वर आहे, इतका वर की कुठल्याही पंपाच्या आवाक्याबाहेर. पहिल्याच उन्हाळ्यात बर्फ हातभर उतरायला हवा होता आणि दुसऱ्या उन्हाळ्यात त्याहून जास्त.

तिने कौस्तुभला फोन लावला. फोनवर सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून लावला.

"कालच मोजणी झाली," तो म्हणाला. आवाज दमलेला, पण खूश. "तुझ्या गणितापेक्षा चार बोटं जास्तच आहे. बैठकीत तुला काही बोलावंच लागणार नाही बघ."

"चार बोटं जास्त?"

"हो. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "मी येते. मला प्रत्यक्ष बघायचाय."

विमानात तिने स्वतःची बरीच समजूत घातली. गणित खोटं असेल, पण बर्फ तर खरा आहे. निसर्ग कधीकधी आपल्यापेक्षा उदार असतो; काही वारे, काही ढग आपल्या हिशेबात आले नसतील. असं झालं तर किती बरं होईल! कौस्तुभची अकरा वर्षं वाया जाणार नाहीत. त्या अकरा वर्षांत दोघं मिळून घरात राहिली असतील ती फक्त हिवाळ्यात, पठार बंद असायचं तेव्हा. लोक विचारत, जमतं कसं तुम्हाला? ती म्हणायची, एकच काम करतो ना आम्ही, मी खालून आणि तो वरून. आडातच नव्हतं तर पोहऱ्यात कुठून येणार, हा विचार मात्र लेहला उतरेपर्यंत तिच्या डोक्यातून गेला नाही.

शुलमात कौस्तुभची जीप पोचायला वेळ होता, म्हणून गावाची मुखिया पद्मा आंगमो तिला आपल्या स्वयंपाकघरात घेऊन गेली. साठीची, रुंद हाताची बाई. तिने लोणी-मिठाचा चहा पुढे ठेवला. खिडकीतून दगडी गोठा दिसत होता. त्यात आता सरपण रचलेलं होतं.

"दीदी, एक विचारू?" ती तिच्या हिंदीत म्हणाली. "बर्फ पाणी पितो. तो देणार कधी?"

"वेळ लागेल. आधी वाढू दे," ऋजुता सवयीने म्हणाली, आणि मग थबकली. "पितो म्हणजे? पंप बंद होऊन दोन वर्षं झाली."

"दिवसा बंद. रात्री थोडं पाणी फिरवावं लागतं, नाहीतर पाइप फुटतात, असं साहेब म्हणाले. थंडीच्या तोंडावर आमचा ओढा रात्रभर कोरडा असतो. सकाळी बादलीभर पाण्यासाठी थांबावं लागतं." पद्मा आंगमोने तक्रारीचा सूर लावला नव्हता. "साहेब चांगले आहेत. म्हणून आम्ही काही बोललो नाही."

ऋजुताने पेला खाली ठेवला. जास्तीची चार बोटं कुठून आली ते तिला कळलं, आणि कळल्याबरोबर विलक्षण थकल्यासारखं झालं.

दुपारी ती दोघं पठारावर चढली. विरळ हवेत तिला दर थोड्या अंतरावर थांबावं लागत होतं आणि कौस्तुभ न बोलता तिच्यासाठी थांबत होता. तो वाळला होता. गाल उन्हाने काळवंडून फाटले होते. बर्फ मात्र देखणा होता. कुरणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निळसर पांढरा, कडेला खालून गवताची वाळकी पाती डोकावत होती. कौस्तुभने त्यावर हात ठेवला, गोठ्यातल्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा.

पंपाचं विचारावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण मग तिला वाटलं, आधी आपलं सांगावं. एका दगडावर बसून तिने नॉर्वेपासून सुरुवात केली. सरांचं ठिगळ, विरजण, उंबरठा, नवं गणित, सगळं. तो उभ्याउभ्या ऐकत होता.

"म्हणजे हा टिकणारच नव्हता," तो शेवटी म्हणाला.

"नाही."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

तो एकदम खवळला. "आणि माझी अकरा वर्षं? आई गेली तेव्हा मी इथे पाइप जोडत होतो, ऋजू! तुम्ही लोक खुर्चीत बसून ठिगळं लावता, आणि..." त्याला दम लागला. तो मटकन खाली बसला. रागाला लागते तेवढी हवासुद्धा तिथे नव्हती.

ऋजुता दगडावरून उठून त्याच्याशेजारी बसली. 

"पहिल्या उन्हाळ्यात हातभर उतरला," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मला वाटलं, माझंच काही चुकलं. थर नीट बसले नसतील, वर धूळ साचली असेल. तुझं गणित चुकलं असेल असं मनातसुद्धा आलं नाही. म्हटलं, माझ्या हलगर्जीपणापायी तुझं मॉडेल बदनाम नको. या एका वर्षापुरतं भरून काढू आणि मग थांबवू. रात्री पंप लावले."

"आणि मग थांबवायचं राहून गेलं."

"तुला कसं कळलं?"

ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला ते थांबवता येईना.

"हसतेस काय?"

"सरांनी नॉर्वेत अगदी हेच केलं होतं, कौस्तुभ. वितळेल तेवढं गुपचूप भरलं." तिने ओढणीने डोळे पुसले. "आणि मी काय केलं सांगू? गेल्या वर्षी केंद्रात लोक म्हणत होते, मॉडेल एकदा मुळापासून तपासू. मी म्हटलं, कशाला? माझा नवरा तिथे बर्फाशेजारी उभा आहे, त्याचे आकडे बघा. तुझ्या आकड्यांवर मी सगळ्यांची तोंडं बंद केली."

त्याने तिच्याकडे पाहिलं. 

"आपण एकमेकांवर इतका विश्वास ठेवायला नको होता," तो म्हणाला.

"तोच तर तेवढा खरा होता," ती म्हणाली.

खाली उतरताना तिने विचारलं, "दोन वर्षांत किती पाणी घातलंस, आठवतं?" त्याला बादलीन् बादली आठवत होती. लपवून केलेल्या कामाचा हिशेब माणूस विसरत नाही. तो सांगत गेला आणि ती मनातल्या मनात मांडत गेली. नव्या गणिताने जेवढा बर्फ वितळायला हवा म्हटलं होतं, त्याच्या अगदी जवळ तो आकडा येत होता. तिच्या आयुष्यात मॉडेल पहिल्यांदाच खऱ्या बर्फाशी जुळलं होतं, आणि त्याचा आनंद व्हावा अशी ती वेळ नव्हती.

लेहच्या बैठकीत ऋजुता आधी बोलली.  मग समितीचे अध्यक्ष कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मॅडम, गणिताचं तुम्ही बघा. पण बर्फ तर उभा आहे ना?"

"उभा नाही, सर," कौस्तुभ म्हणाला. "मी धरून ठेवलाय."

पुढे जे व्हायचं ते झालं. तीन गावांची कुरणं वाचली, याबद्दल कुणी आभार मानले नाहीत. चौकशी बसली. कौस्तुभला घरी पाठवण्यात आलं. ज्यांनी ज्यांनी विरजण नेलं होतं त्या सगळ्यांना ऋजुताने कळवलं, तर निम्म्यांनी कानावर हात ठेवले आणि उरलेल्यांनी तिलाच चार शब्द सुनावले. वैशंपायन सरांनी जाहीर निवेदन दिलं, की ठिगळ माझं होतं. त्यानंतर ते फारसे कुणाशी बोलेनासे झाले.

शुलमा सोडायच्या दिवशी कौस्तुभने पंपाच्या झडपेचं लोखंडी चाक काढून पद्मा आंगमोच्या हातात दिलं आणि सगळं खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. चाक हातात तोलत ती म्हणाली, "आणि आमची जनावरं?"  ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. चहाला तिने बोलावलं नाही.

पुढच्या वर्षी जुलैत एका सकाळी ऋजुताचा फोन वाजला. कौस्तुभ ओट्यापाशी भाजी चिरत होता. इतक्या वर्षांत तो पहिलाच उन्हाळा, की तो पुण्यात होता. घरात कुठली वस्तू कुठे असते हे त्याला अजून विचारावं लागत होतं.

"दीदी," पद्मा आंगमोचा आवाज आला. मागे पाण्याचा आवाज होता, मोठा. "तुमचा बर्फ द्यायला लागला."

ऋजुताने फोन कौस्तुभलाही ऐकू येईल असा धरला.

"ओढा दोन्ही काठांनी वाहतोय. वरच्या शेतांतसुद्धा या वर्षी जव पेरला. किती वर्षं देईल?"

ऋजुताने कौस्तुभकडे पाहिलं. तिला उत्तर ठाऊक होतं. ठिगळ न पेरलेल्या गणितातून, त्याने सांगितलेल्या खऱ्या आकड्यांवरून ते आलं होतं. थोडं वाढवून सांगावं, असं तिला फार वाटलं.

"तीन उन्हाळे," ती म्हणाली. "तिसऱ्यात कमी. मग संपेल."



"म्हणजे तीन वर्षांनी आमचं कुरण मोकळं," पद्मा आंगमो म्हणाली.

"हो. पण गवत लगेच नाही येणार. त्याला आणखी..."

"गवताचं आम्ही बघू. आठ मेंढ्या आणल्यात. तोवर वाढवतो." मग तिने विचारलं, "साहेब कसे आहेत?"

कौस्तुभने सुरी खाली ठेवली. त्याने फोन हातात घेतला आणि तो नुसताच कानाला लावून मागचं पाणी ऐकत उभा राहिला. ऋजुता त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि राहिलेला भोपळा तिने चिरायला घेतला.